गोष्टीतला कावळा

आई गेली तेव्हा आम्ही वाशीत नवीन होतो. दहाव्याला खाडीकाठी पिंडाला कावळा शिवेना. "पोरीला शिकवीन, तुझ्या भावाशी बोलेन," बाबा हात जोडून एकेक कबूल करत गेले. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. आईच्या मनात काय राहिलं होतं, ते कळलंच नाही.

कॉलेजच्या अंकासाठी मी हीच गोष्ट लिहिली. सर म्हणाले, "शेवट असाच ठेव. चांगली कथा सगळी उत्तरं देत नाही." मला पटलं.

घरी बाबांनी ती वाचली. "गोष्टीतसुद्धा नाही का गं शिवत?"

मी शेवट बदलला.

"बिघडवलीस," सर म्हणाले.

सरांचं बरोबर होतं, असं मला अजूनही वाटतं. पण तो शेवट मी तसाच ठेवला आहे.