शनिवारी लोह्याला उतरणाऱ्या बनसोडे मॅडम

आदरणीय शालिनी बनसोडे मॅडमची आणि माझी ओळख माझ्या खोटं बोलण्यापासून सुरू झाली. त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात हे लिहावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. पण ते वगळलं तर मॅडम कशा आहेत हे नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहिते.

मी लोहा तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. सतरा वर्षांपूर्वी नांदेडहून लेकरांच्या तपासणीसाठी एक पथक आमच्या गावी आलं. त्यात एक डॉक्टर होते आणि फिजिओथेरपिस्ट म्हणून बनसोडे मॅडम होत्या. मॅडमचं घर लातूरला. नोकरी नांदेडच्या रुग्णालयात. माझा सुमेध तेव्हा एकोणीस महिन्यांचा होता आणि त्याला आधार सोडून उभंही राहता येत नव्हतं.

लेकरू कितव्या महिन्यात मान धरतं, कधी बसतं, कधी चालतं, हे गावातल्या बायांना सांगणं हेच माझं काम. तो तक्ता माझ्याच भिंतीवर टांगलेला. माझ्या जावेची मुलगी सुमेधपेक्षा तीन महिन्यांनी लहान, ती अंगणभर पळायची. आमचे हे रोज संध्याकाळी शेतातून आले की सुमेधचे दोन्ही हात धरून त्याला चालवायचे. तो टाचा टेकवायचाच नाही. चवड्यांवर उभा राहायचा आणि एक पाय दुसऱ्यात अडकायचा. "बघ, टाकतो की पावलं," असं हे म्हणायचे आणि माझ्याकडे न बघता त्याला खाली ठेवायचे. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, त्या सांगायच्या की या घरातली पोरं उशिराच चालतात. मी मान हलवायचे. रात्री झोप लागायची नाही.

तपासणीच्या दिवशी सुमेध कोपऱ्यात बसला होता. मॅडमनी विचारलं, हा कुणाचा? मी म्हटलं, माझा. चालतो का? मी म्हटलं, चालतो, आज अंगात कसर आहे म्हणून बसलाय. अंगणवाडीच्या वहीतही मी त्याच्या नावापुढे 'चालतो' असंच लिहून ठेवलं होतं. मॅडम त्याच्यासमोर फरशीवर बसल्या, एक वाटी पुढे सरकवली, तो ती घ्यायला कसा वळतो ते बघत राहिल्या. त्याचे तळपाय हातात घेतले, सोडले आणि पुढच्या लेकराकडे गेल्या.

पथकाची जीप निघायच्या वेळी त्या पाणी प्यायच्या निमित्तानं आत आल्या. खिचडीच्या पातेल्यापाशी आम्ही दोघीच होतो. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, मी तुम्हाला काही विचारणार नाही. बुधवारी याला घेऊन नांदेडला या. एकट्या या नाहीतर घरच्यांना घेऊन या, पण या."

गावातल्या सगळ्या बाया बाहेर उभ्या होत्या. मॅडमनी मनात आणलं असतं तर माझं खोटं तिथंच उघडं पडलं असतं. इतकी वर्षं झाली, त्या वेळी त्यांनी माझी जी लाज राखली ती मी विसरलेली नाही.

बुधवारी आम्ही दोघं सुमेधला घेऊन गेलो. मॅडमनी तासभर त्याला पाहिलं. मग डॉक्टरांच्या समोर आम्हाला समजावून सांगितलं की हा नुसता उशीर नाही. जन्माच्या वेळी मेंदूला इजा झाली असावी, त्यामुळे पायांचे स्नायू ताठ राहतात. तुमच्या खाण्यापिण्यानं, कुणाच्या नजरेनं हे झालेलं नाही. यांनी खाली बघत विचारलं, "मॅडम, पण चालंल ना?"

"ते आज मला सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "त्याला उभं राहायला काय करावं लागेल ते सांगता येतं. तेवढं रोज करू."

मला त्या दिवशी 'चालेल' एवढा एकच शब्द हवा होता. तो त्यांनी दिला नाही याचा मला राग आला. परतीच्या एसटीत मी ठरवलं की पुन्हा या बाईकडे यायचं नाही. देगलूरच्या पलीकडे एक माणूस तेल देतो, चाळीस दिवसांत पोरगं चालतं, असं कुणीतरी सांगितलं. आम्ही तिकडे गेलो. त्या माणसानं 'चालेल' हा शब्द पहिल्याच मिनिटाला दिला. चाळीसचे साठ दिवस झाले. सुमेधच्या पोटऱ्यांना तेलानं फोड आले आणि पाय आधीपेक्षा ताठ झाले.

मी पुन्हा नांदेडला गेले तेव्हा बोलणी खायची तयारी करूनच गेले होते. मॅडमनी त्याच्या पोटऱ्या पाहिल्या. कुठं होतात, काय लावलं, असलं काही विचारलं नाही. स्वतः कापूस घेऊन फोड पुसले, डॉक्टरांकडून मलम आणून दिलं आणि म्हणाल्या, "बसा. आजपासून सुरू करू."

दर आठवड्याला रजा काढून नांदेड गाठणं मला जमेना. ते त्यांच्या ध्यानात आलं. दर शनिवारी त्या एसटीनं लातूरला घरी जायच्या आणि लोहा त्या रस्त्यावरच आहे. त्यांनी बसस्थानकाजवळच्या एका शाळेचा व्हरांडा मागून घेतला आणि शनिवारी लोह्याला उतरू लागल्या. दोन तास थांबून पुढच्या गाडीनं जायच्या. "वाटेतच आहे की," एवढंच म्हणायच्या. त्यांची स्वतःची दोन लेकरं लातूरला त्यांची वाट बघत असायची, हे मला फार उशिरा कळलं. वर्षभरात त्या व्हरांड्यात सात-आठ लेकरं येऊ लागली.

आत्याबाईंचा या सगळ्याला विरोध होता. एका शनिवारी त्या मुद्दाम आल्या आणि मॅडमना म्हणाल्या, "म्या चार लेकरं चालती केली. मला कुणी शिकवाया नगं." आता भांडण होणार म्हणून मी घाबरले. मॅडम त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मग तुम्ही कसं चोळता ते मला दाखवा, मावशी." आत्याबाईंनी सुमेधला मांडीवर घेऊन दाखवलं. मॅडमनी नीट पाहिलं, हात चांगला आहे म्हणाल्या आणि त्या हातांवर आपले हात ठेवून टाच कशी दाबायची, गुडघा किती वेळ धरायचा ते सांगितलं. त्या दिवसापासून सुमेधचा व्यायाम आत्याबाईंकडे गेला. त्यांनी तो कधीही चुकवला नाही. माझ्या हातून मात्र चुकायचा.

सहा महिन्यांनी मॅडमनी माझ्याकडे अंगणवाडीची ती वही मागितली. मी ती पुढे ठेवली आणि रडू लागले. त्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "तुम्ही स्वतःच्या लेकराचं खरं लिहा. मग बाकीच्या बाया त्यांच्या लेकरांचं खरं सांगतील." मी 'चालतो' खोडलं आणि 'अजून चालत नाही' असं लिहिलं. पुढच्याच महिन्यात दोन आया आपणहून माझ्याकडे आल्या. दोघींनीही आपली लेकरं घरात लपवून ठेवली होती.

मॅडम नेहमी मऊच बोलतात असं कुणी समजू नये. एकदा मी एका नव्या आईला धीर द्यायला म्हटलं की होईल सगळं बरं, काळजी करू नका. ती गेल्यावर मॅडम मला फार बोलल्या. जे आपल्या हातात नाही त्याची हमी द्यायची नाही, देगलूरच्या पलीकडचा माणूस आणि आपण यात मग फरक काय, असं त्या म्हणाल्या. मी दोन शनिवार त्यांच्याशी धड बोलले नाही. आज मी नव्या सेविकांना तेच सांगते.

त्या व्हरांड्यात नायगावकडची एक मुलगी यायची. ती कधी चालली नाही आणि चालणार नाही हे मॅडमनी तिच्या वडिलांना स्पष्ट सांगितलं होतं. एकदा ते थकून म्हणाले, मग कशाला बोलावता? मॅडम म्हणाल्या, "तिला नीट बसता आलं तर ती शाळेत जाईल." शाळेच्या पायऱ्यांवर उतार बांधून घ्यायला त्या मुख्याध्यापकांकडे चार वेळा गेल्या. ती मुलगी दहावी झाली. निकालाच्या दिवशी तिच्या वडिलांनी पहिला फोन मॅडमना केला.

सुमेध सव्वातीन वर्षांचा असताना चालला. त्या वेळी मी अंगणवाडीत होते. टाचा टेकाव्यात म्हणून पायांना प्लास्टिकचे साचे बांधलेला तो भिंत सोडून माठापर्यंत चार पावलं गेला. पाहिलं फक्त आत्याबाईंनी. आपल्याला दिसलं नाही म्हणून मी हळहळत होते. मॅडम म्हणाल्या, "बरं झालं. कुणाला दाखवायला नाही चालला. तहान लागली म्हणून चालला." आज तो लातूरला शिकतो. डावा पाय ओढत चालतो, एसटीत एकटा चढतो आणि कुणी हात दिला तर नको म्हणतो.

मॅडमना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. आता लोहा त्यांच्या कुठल्याच वाटेवर नाही. तरी शनिवारी त्या लातूरहून येतात. व्हरांड्यात मी त्यांच्या हाताखाली काम करते. आता तिथं माझ्या गावची एक दीड वर्षाची मुलगी येते. तिची आई मला रोज विचारते, "ताई, चालंल का वं?" मी तिच्याजवळ बसते आणि आज काय करायचं ते सांगते.

हा सत्कार ठरला तेव्हा मॅडमनी आधी नकारच दिला. आम्ही सगळ्या आया मिळून लातूरला त्यांच्या घरी गेलो, फार आग्रह केला, तेव्हा कशाबशा हो म्हणाल्या. आम्ही निघालो तेव्हा त्यांनी मला दारातून परत बोलावलं. शाल किंवा मानपत्राबद्दल त्यांना काही सांगायचं नव्हतं. "हॉल तळमजल्यावरचा घ्या," त्या म्हणाल्या. "लेकरं कडेवर घेऊन येणाऱ्या बाया असतील."

हॉल तळमजल्यावरचा घेतला आहे. मॅडमना उदंड आयुष्य लाभो, गुडघे-कंबर शाबूत राहोत आणि दर शनिवारी लोह्याच्या स्थानकात त्यांना गाडीतून उतरताना आम्हाला अजून पुष्कळ वर्षं बघायला मिळो.