दोन पट्ट्यांमधला सूर

"वाजवून दाखव, मग बोल," असं उस्ताद बयूमी सगळ्यांनाच सुनवायचे. साखर कमी पडल्यावर चहावाल्या सय्यदलासुद्धा. कैरोच्या मुहम्मद अली रस्त्यावरच्या कॉफीखान्यात त्यांची खुर्ची ठरलेली. तिथंच ऊद हे तंतुवाद्य मांडीवर घेऊन त्यांनी लग्नांत गाणाऱ्या इन्शिराहला आपली नवी चाल दिली होती. कागदावर काही नाही, घास भरवावा तशी तोंडातून तोंडात. त्यातला एक सूर बसायला तिचा अख्खा हिवाळा गेला. कीबोर्डच्या दोन पट्ट्यांच्या मधे राहणारा सूर, नाईलकाठच्या गाळासारखा, ना पाणी ना जमीन.

कॅसेट कंपनीच्या शौकतला तो सूर नको होता, कारण त्याच्या नव्या कीबोर्डवर तो वाजत नव्हता. बयूमींनी चाल बदलायला साफ नकार दिला. मग शौकतनं इन्शिराहला एकटीला बोलावून, तो सूर पट्टीवर आणून, तीच चाल कीबोर्डबरोबर महिनाभर घोटून घेतली. लग्नाच्या मांडवांत गाऊन तिचा घसा सोलवटला होता, तिला कॅसेट हवी होती. ती शौकतकडे गेली, आणि उस्तादांना सांगितलं नाही.

समोरच्या कॅसेटच्या दुकानात ते गाणं लागलं, तसे बयूमी ऊद घेऊन कंपनीचा जिना चढले. इन्शिराह आतच होती.

"माझी चाल मोडलीस तू," ते शौकतला म्हणाले.

"इस्त्री फिरवली फक्त," शौकत म्हणाला. "सुरकुत्या तुमच्या तोंडावर शोभतात, उस्ताद, कॅसेटवर नाही. कॅसेटवरून तुमचं नाव काढायचं असेल तर आत्ता काढतो. खपायला हिचा फोटो पुरे आहे."

बयूमींनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. ऊदची पिशवी सोडली. कॅसेट गेली खड्ड्यात, चाल हिच्या गळ्यात शाबूत असली म्हणजे झालं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

"गा पोरी. मी दिलं होतं तसं."

इन्शिराहनं सूर लावला. गळा थेट पट्टीवर जाऊन बसला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. जागा कानाला आठवत होती, गळा तिथं थांबेना. शौकत मोठ्यानं हसला.

बयूमींनी तारांवर तळवा ठेवला. "काढ नाव," ते त्याला म्हणाले. "हे माझं नाही."

"उस्ताद, परत शिकवा मला," ती म्हणाली. "शिकेन मी."

"आधी विसरून दाखव, मग बोल."

जिना उतरून ते दुकानावरून गेले. आत तिचाच आवाज मोठ्यानं लागला होता. त्यांनी चाल मंद केली नाही की वाढवली नाही. वर खिडकीत इन्शिराह, आणि खाली त्यांचा चहा हातात धरून सय्यद, ते वळणाआड होईपर्यंत बघत राहिले.