मोजू नये म्हणतात

आमच्या घरात मेंढरं मोजत नाहीत. मोजली की दृष्ट लागते आणि घटतात, असं आबा म्हणतात. आबा म्हणजे माझे वडील. जत तालुक्यात आमची थोडी कोरडवाहू जमीन आणि मेंढरं. सांगलीला कॉलेजात गेल्यावर मला शिंगं फुटली आणि मी या मोजण्यावरून आबांशी कडाकडा भांडले. "आवं आबा, मोजायचं न्हाई तर हरवलेलं कळणार कसं?"

"कळतंय की," आबा म्हणाले. "चाल बघायची. कोण कुणाच्या अंगाला लागून चालतंय त्ये बघायचं."

मी कपाळावर हात मारला.

पुढं मी लहान मुलांना शिकवायचं शिकायला जर्मनीला आले. तिथल्या एका शाळेत वर्गाच्या बाईंच्या हाताखाली मला काम मिळालं आणि महिनाभरातच सहल निघाली, प्राण्यांचे सांगाडे ठेवलेल्या संग्रहालयात. बाई म्हणाल्या, "तू सगळ्यांत मागे राहायचं. एकही मूल मागे राहता कामा नये." झालं! परक्याची लेकरं, परका मुलुख, माझी भाषा तोडकीमोडकी. एखादं ट्रामखाली गेलं तर मी कुणाच्या तोंडाकडे बघणार होते?

बाई मात्र खमक्या. प्रत्येक दाराशी थांबायच्या, एकेकाच्या डोक्याला बोट लावून मोजायच्या आणि पुढं सरकायच्या. त्यांचं बोट डोक्याला लागलं की मला आबा आठवायचे. इतकं शिकून-सवरून मी मनात म्हणत होते, बाई, मोजू नका हो.

आत देवमाशाचा सांगाडा होता. पोरं तोंडं वासून बघत होती, मी पोरांकडे बघत होते. एक मुलगी सारखी माझ्या नजरेत येत होती. रांगेत जोडीदाराचा हात धरायची आणि दुसरा हात भिंतीवरून घासत चालायची. दोनदा म्हटलं, भिंतीला हात लावू नकोस. ऐकेल तर शपथ.

निघायच्या वेळी कोट-टोप्या घालायला सगळे खालच्या दालनात आलो. तिथं दुसऱ्या शाळेची पोरंही कोट घालत होती. त्यांच्याही अंगात आमच्यासारखीच पिवळी जाकिटं. टोपी कानांवर, गळपट्टा नाकावर, डोळे तेवढे दिसत होते. नुसता गोंधळ! ती शाळा आधी बाहेर पडली. बाईंनी आमची रांग लावली, मोजली, आकडा बरोबर आला. "चला," त्या म्हणाल्या.

रांग हलली आणि मी भिंतीकडे बघितलं. भिंतीवरून हात घासत कुणीच चाललं नव्हतं. आकडा तर बरोबर होता, म्हणजे तिच्या जागी दुसरंच कुणी होतं.

"बाई, एक मूल आपलं नाही," मी म्हटलं. त्यांनी परत मोजलं. बरोबर. "सगळी आहेत, ट्राम जाईल," त्या जरा वैतागून म्हणाल्या. मला धड सांगता येईना. चाल म्हणजे काय, ते त्या भाषेत कसं सांगू? संताप आला, बाईंचा नाही, माझ्या जिभेचा. शेवटी मेंढरं अडवायला दोन्ही हात पसरून उभं राहतात, तशी मी दारात उभी राहिले. एकेकाच्या नाकावरचा गळपट्टा खाली ओढत गेले. शेवटचं तोंड अनोळखी निघालं. तांबूस केसांचा मुलगा. आमचा नव्हताच तो. त्यानं खुशाल आपल्या शाळेचं नाव सांगितलं.

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्या मुलाचा हात धरून त्या बाहेर पळाल्या आणि सगळी पोरं माझ्यावर सोडली. अगं बाई गं, तो वेळ! बाहेर ट्रामची घंटा वाजली की मी दाराकडे बघायचे. पोरं मजेत खिदळत होती. मी घाबरून सगळ्यांना भिंतीशी गोळा केलं, दोघादोघांना एकमेकांच्या अंगाला लावून उभं केलं आणि बिरोबाला हाका मारत राहिले.

ती सापडली. थांब्यावर त्या दुसऱ्या शाळेच्या रांगेत उभी होती, त्यांचंच बिस्कीट खात. ती हसत आली आणि मीच हमसून हमसून रडले.

ट्राममध्ये चढायच्या आधी बाईंनी परत मोजलं. या वेळी आधी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघायच्या, मग डोक्याला बोट लावायच्या. पार मागं आल्या, माझ्यापाशी थांबल्या आणि माझ्याही डोक्याला बोट लावून शेवटचा आकडा म्हणाल्या. मग चढल्या. त्या देशात आल्यापासून मी कुणाच्या मोजणीत नव्हते. मी खोलीवर पोचले का, जेवले का, हे विचारणारं तिथं कोण होतं?

दुपारी घरी व्हिडिओ कॉल लावला. तिकडं दिवेलागण झाली होती. मी सगळं सांगितलं. पोरगी चालीवरून ओळखली हे ऐकून आबा खूश होतील असं वाटलं होतं, पण ते भलतीकडेच अडकले.

"तुला बी मोजलं?"

"व्हय आबा."

"बोट लावून?" आणि लगेच आईला हाक, "आगं, मीठ-मोहऱ्या घे! पोरगीला मोजली तिकडं!"

आईनं चुलीपुढं बसून मीठ-मोहऱ्या आणि मिरच्या मुठीत घेतल्या. "फोन सरळ धर, तोंड दिसंना," म्हणाली. मी धरला. कॉलेजातली मी असते तर खो-खो हसले असते. तिनं फोनवरच्या माझ्या तोंडावरून मूठ ओवाळली, पुटपुटली आणि चुलीत टाकली.

"बघ, मिरचीचा ठसका सुदिक आला न्हाई," आई म्हणाली. "लय दृष्ट लागली व्हती गं. परत कुणाला मोजू देऊ नगंस."

"न्हाई देत," मी म्हटलं. पण खरं सांगते, मनातून वाटत होतं, उद्याही बाईंनी मोजावं आणि शेवटी माझ्यापाशी थांबावं.