वहिनींची पाहणी

वहिनी कोणाच्याही घरी पाहणीला गेल्या की चपला काढून थेट स्वयंपाकघरात शिरत. पाच मिनिटांत त्या घरातली बाई त्यांना सासूचं दुखणं सांगू लागे, आणि मी बाहेर तापमान मोजायचं यंत्र धरून उभी. खरं सांगते, मला त्यांचा भयंकर हेवा वाटायचा.

आमचं अलिबागचं छोटं कार्यालय. घर थंड राहावं, विजेचं बिल उतरावं म्हणून छत, खिडक्या, एसी तपासायचे आणि दुरुस्ती करून द्यायची, हे आमचं काम. माझा इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा, वहिनींचाही तोच, तोही माझ्यानंतर, मुलं मोठी झाल्यावर केलेला. तरी गिऱ्हाइकाचा फोन आला की पहिला प्रश्न, "वहिनी येणार ना?" त्या सगळ्यांच्या वहिनी; मी सगळ्यांची मॅडम. "तू डॉक्टरसारखी येतेस गो," त्या मला म्हणत, "पेशंट बघूनच घाबरतो." वर स्वतःच खळखळून हसत. मलाही हसू यायचं, आणि त्याचाच जास्त राग यायचा.

पथकाला प्रमुख नेमायचं ठरलं. ती जागा मला हवी होती, अगदी मनापासून. आमची पारख करायला मुंबईहून एक परीक्षक बाई मांडव्याला बोटीने उतरल्या आणि आम्हा दोघींना दिवेआगरला एका काकांच्या होमस्टेत घेऊन गेल्या. वादळात कौलं उडाल्यावर काकांनी पत्रे घातले होते. एसी दिवसभर चाले, पण खोली काही गार होत नव्हती. काका नवा एसी घ्यायला निघाले होते.

माझी पाळी आधी होती. तापलेला पत्रा, भिंत आणि पत्र्यामधली फट, सगळं मी व्यवस्थित समजावलं. काका म्हणाले, "बघू." मग वहिनी झोपाळ्यावर टेकल्या, काकूंच्या हातचा चहा घेतला नि म्हणाल्या, "काका, तो एसी बिचारा बैलासारखा राबतोय, त्याला कशाला बोल लावता? पत्र्याला सफेद रंग मारा, वरची फट बुजवा. न्हाय तर नवा पन असाच मरंल."

काकांनी लगेच विचारलं, "कामाला कधी येताय?"

अहो, मी वेगळं काय सांगितलं होतं? नांगरलं मी, पीक कापलं त्यांनी! परीक्षक बाई मला म्हणाल्या, "निदान दोघींचं एकच आहे. पण काकांनी तुमचं ऐकून घेतलं, त्यांचं मानलं." प्रमुख वहिनी झाल्या. त्यांनी पेढा भरवला, मी तो खाऊन अभिनंदन केलं.

पुढे त्यांनी मला कधी कमी लेखलं नाही. एकदा तरी लेखायला हवं होतं. मनात धरून ठेवायला काहीतरी मिळालं असतं.

मग त्यांच्या मिस्टरांची नागपूरला बदली झाली आणि वहिनी निघाल्या. आता प्रमुख कोणाला करू, असं आमच्या कार्यालयाच्या साहेबांनी त्यांनाच विचारलं. त्यांनी माझ्यादेखत सांगितलं, "हिलाच करा. हिला गोड बोलता येत न्हाय, पन हिच्या कामाला परत हात लावायची पाळी माझ्यावर कधी आली न्हाय."

जागा मिळाली. पण ती मला वहिनींना हरवून हवी होती, आणि त्यांनी ती हसत हसत देऊन टाकली.