रकान्यात मी लिहिलं : कुटुंबाचा नकार

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. तुम्हाला का सांगतेय, तेही मला नीटसं कळत नाही.

मी मूळची एडवणची, बागायती असलेल्या वाडीवाल्या घरातली. आता पालघरला राहते, आदिवासी पाड्यांवरच्या गरोदर बायकांसाठी काम करते. मला भाषणांना बोलावतात — 'आरोग्य सगळ्यांना सारखं' वगैरे. मी बरी बोलते. लक्षीची गोष्ट आली की समोरचे डोळे पुसतात. काय कळवळा आहे बाईला! आहेही हो कळवळा. पण ती गोष्ट —

थांबा. आधी भाषणात सांगते तशीच सांगते. सफाळ्याच्या आतल्या एका पाड्यावर लक्षी नावाची पहिलटकरीण होती. दिवस भरत आलेले, अंगावर सूज. आम्ही दवाखान्यात चला म्हटलं, घरच्यांनी नकार दिला, भगताला बोलावलं. लक्षी गेली, पोटातलं बाळही गेलं. म्हणून म्हणते, आधी लोकांचा विश्वास मिळवा. यावर टाळ्या पडतात.

आता खरं काय ते.

तेव्हा मी संस्थेत नवी होते. तो पाडा माझ्याकडे होता, संस्थेची जीपही माझ्याच ताब्यात. त्या दिवशी बोईसरच्या कामगार वस्तीतलं आमचं काम बघायला पाहुणे आले होते, संस्थेला मदत देणारे. दुपारी लक्षीच्या सासूचा, सोनीआजींचा फोन आला. "बाय, सून लय सुजलीय. डोका दुखते म्हनते, डोल्यापुढं अंधारी येते. गाडी धाडशील ना?"

सूज, डोकं, अंधारी. झटके येण्याआधीची ही लक्षणं त्यांना शिकवली कुणी? मीच. ती बरोबर ओळखून, शेजाऱ्याचा मोबाइल मागून त्यांनी वेळेत फोन केला होता. आणि मी म्हणाले, "आडवी ठेवा तिला, सकाळी येते."

जीप कुठे होती, माहीत आहे? पाहुण्यांना समुद्र बघायचा होता. सरकारी अँब्युलन्स बोलवायचं मला सुचलं नाही — नाही, हेही खोटंच. सुचलं होतं. पण पाहुण्यांसमोर पळापळ दिसली असती. आमच्या पाड्यावर अजून अशी वेळ येते, हे त्यांना कळलं असतं.

त्यांनी संध्याकाळपर्यंत वाट बघितली, मग भगताला बोलावलं. दुसरं काय करणार होते? सकाळी मी पोचले तेव्हा लक्षीला अंगणात ठेवलं होतं.

मृत्यूच्या चौकशीचा फॉर्म मीच भरला. उशीर का झाला, असा एक रकाना असतो. भगत आला होता हे तर खरंच होतं, ते मला आयतंच सापडलं. मी लिहिलं : कुटुंबाचा नकार.

"काय लिवलंस, बाय?" आजींनी विचारलं.

"जे झालं ते," मी म्हटलं. त्यांनी अंगठा दिला.

पुढे मी मोठी होत गेले आणि ती गोष्टही माझ्याबरोबर फिरली. पाड्यावर येणारी प्रत्येक नवी नर्स, प्रत्येक नवी कार्यकर्ती तिथल्या लोकांना तेच सुनावते — लक्षीच्या घरच्यांनी केलं तसं करू नका. आजींच्या घरच्यांच्या तोंडावर सुनावते. किती वर्षं ऐकत असतील ते? मला हे माहीत होतं. मी कुणाला थांबवलं नाही.

गेल्या महिन्यात शिबिरात आजी भेटल्या. फार थकल्यात. त्यांनी माझा हात धरला. "आमीच चुकलो, बाय. तू दवाखान्यात न्या सांगत होतीस, आमी ऐकला नाय. भगताच्या नादाला लागलो नि पोर घालवली."

माझं खोटं त्यांना खरं वाटू लागलं होतं. एक वाक्य बोलायचं होतं मला — आजी, तुम्ही फोन केला होता. एकच वाक्य. आजूबाजूला माझ्याच हाताखालच्या मुली उभ्या होत्या.

मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाले, "जाऊ द्या आजी, नका मनाला लावून घेऊ."

मी त्यांना माफ केलं.