सुई त्याची, रंधा माझा

आमच्या हायस्कुलात हातकामाचे तास सुरू झाले तेव्हा मुलांना सुतारकाम आणि आम्हा मोजक्या मुलींना शिवण असं ठरलं. आम्हाला कुणी विचारलं नाही. मी शहापूरच्या विणकराघरची. घरी शाळेला जाण्याआधी सुताच्या कांड्या भरायच्या, आल्यावर पुन्हा कांड्या. शाळेत तरी दोऱ्यापासून सुटका हवी होती.

वर्गात कंग्राळीचा एक शेतकऱ्याचा मुलगा होता. पहिल्याच तासाला त्यानं पटाशीनं बोट कापून घेतलं होतं. पण बेंदराला बैलाची झूल त्यानं स्वतः शिवलेली, हे मला ठाऊक होतं.

"तुझं झबलं मी शिवतो," तो म्हणाला, "माझा चौरंग तू कर."

"मास्तर बघतील की रं."

"मास्तर जेवल्यावर झोपत्यात."

ते खरं होतं. सुतारमास्तर जागे झाले तरी त्यांची तक्रार नसे. एकदा माझ्या हातात रंधा बघून ते एवढंच म्हणाले, "दाबून धर, पोरी," आणि कूस बदलली.

वर्षाअखेर तपासणीला साहेब आले. माझ्या झबल्याची काजं बघून ते खूश झाले. मग त्याचा चौरंग उचलून विचारलं, "पाय कसे बसवलेस?"

"हातानं, सर."

साहेबांनी त्याच्यापुढं रंधा ठेवला. त्यानं तो उलटा धरला आणि आधी फुंकर मारली. मुली हसल्या. साहेबांनी माझ्याकडं बघून सुई पुढं केली. मी केलेलं काज एवढं मोठं झालं की त्यातून बटण काय, सुपारीही गेली असती.

हेडमास्तर लालबुंद झाले. साहेबांनी मात्र दोघांना कामं बदलून दिली. मी चौरंगाला आणि तो झबल्याला जाऊन बसला. मी बसवलेले लाकडाचे सांधे बघून साहेब म्हणाले, "पुढच्या वर्षी असंच राहू दे." हेडमास्तरांनी माझ्या आईची परवानगी आणायला सांगितलं.

आई म्हणाली, "करवत धर बाई. सुई धरून कुणाचं भलं केलंस?"

माझं निभावलं. त्याचे हाल झाले. शिवणाच्या बाई त्याच्यावर खूश, पण पोरं त्याला 'आक्का' म्हणू लागली. शाळेच्या कवायतीआधी त्याच पोरांनी फाटक्या चड्ड्या दुरुस्तीला आणून दिल्या. त्यानं सगळ्या नीट शिवल्या, खिशांची तोंडंही आतल्या रुमालांसकट टीप घालून बंद केली.

कवायतीला हेडमास्तरांनी हुकूम दिला, "रुमाल काढा." सगळी रांग मांड्या चोळत उभी राहिली.