सुंदरीमार्फत

कुरुंद्यात आमच्या गल्लीत शालूबाई आणि तिची धाकटी जाऊ जनकाबाई कैक वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. आणि गल्लीत सगळ्यात जास्त बोलणं चालायचं ते त्या दोघींचंच. मध्ये सुंदरी होती ना! सुंदरी म्हणजे शालूबाईची शेळी. दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत, भिंतीला लागून शालूबाईच्या अंगणात खुंटा आणि खुंट्याला सुंदरी.

सकाळी जनकाबाई भिंतीवर कोपर टेकून शेळीला म्हणायची, "सुंदरे, इचार तुह्या मालकिणीला, आज काय कालवण केलं?"

शालूबाई भांडी घासताना मान वर न करता सांगायची, "सुंदरे, सांग तिला, शेपू. अन् म्हणावं, तिचा नवरा रातभर खोकून राहिला, त्याला अडुळशाचा काढा दे."

सुंदरी रवंथ करत दोन्हीकडचं ऐकून घ्यायची. असा निरोप्या मिळायला नशीब लागतं. दोघींचे नवरे, म्हणजे सख्खे भाऊ, पारावर एकाच बिडीचे झुरके घेत बसायचे. भांडणात त्यांना कुणी घेतलंच नव्हतं.

भांडण एका साडीवरून झालं होतं. जनकाबाईच्या लेकीचं, कोमलचं लग्न झालं तेव्हा शालूबाईनं जनकाबाईला आहेरात मोरपंखी साडी दिली. वर्षभरानं शालूबाईच्या मुलाचं, सोमेश्वरचं लग्न निघालं, आणि जनकाबाईनं आहेरात तीच साडी शालूबाईला दिली. आता आहेराच्या साड्या गावोगाव फिरतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. फिरून त्याच दारात येऊ नयेत, एवढंच पाळायचं असतं. पण पहिल्या खेपेला शालूबाईनं आहेरासाठी साडी बांधून ठेवली ती हळद शिजवण्याच्या दिवसांत. त्या दिवसांत कुरुंद्यात कुणाची बोटं पिवळी नसतात? घडीच्या आत तिच्या बोटाचा पिवळा डाग राहून गेला होता. सोमेश्वरच्या लग्नात भर मांडवात तिनं घडी उलगडली, डाग पाहिला आणि पाहुण्यांदेखत ओरडली, "अगं बया, ही तर माहीच!" जनकाबाई न जेवता घरी गेली. साडी शालूबाईच्या ट्रंकेत गेली आणि अबोला सुरू झाला.

तर सगळं असं सुरळीत चाललेलं असताना सोमेश्वरला सुखाचा शोध लागला. तो वसमतला बियाण्याच्या दुकानात कामाला आहे. गिऱ्हाईक नसलं की मोबाइलवर सुखी जीवनाची व्याख्यानं ऐकतो. जीवन साधं करा, ओझी उतरवा, मन आपोआप प्रसन्न होईल. स्वतःची ओझी काही त्याला सापडेनात, म्हणून त्यानं आईची उतरवायला घेतली. आधी जातं गेलं, मग पितळी घंगाळ गेलं. मग त्याची नजर सुंदरीवर पडली. आईचे गुडघे दुखतात, चारा आणायचा, लेंड्या काढायच्या, कशाला ही तकलीफ? शालूबाई नरसीला दर्शनाला गेली होती, तेवढ्यात त्यानं शेळी तांड्यावरच्या धनसिंगला दुधासाठी देऊन टाकली.

"आई, आता निवांत बस," ती परत आल्यावर तो म्हणाला.

शालूबाई निवांत बसली. दुसऱ्या दिवशी जनकाबाई भिंतीपाशी आली, बोलायला तोंड उघडलं, रिकामा खुंटा पाहिला आणि तशीच आत गेली. गल्ली इतकी शांत झाली की आम्हाला आमच्या घरातली भांडणं ऐकू यायला लागली.

शालूबाईला जेवण जाईना. वसमतच्या डॉक्टरनं तपासलं आणि ताण घेऊ नका म्हणून सांगितलं. सोमेश्वरनं तिला एक व्याख्यान लावून दिलं. ऐकता ऐकता तिला झोप लागली, तेवढाच काय तो गुण आला.

"घर खायला उठून राहिलं गं," ती सुनेला, पुनमला म्हणाली. पुनमला वाटलं, शेळीची आठवण येते. शेळीची येत होतीच. पण मांडवात जावेला तोडून बोललेली शालूबाईच, मग आता आधी हाक कोणत्या तोंडानं मारायची? आणि जावेशिवाय तर तिला करमेना. अबोला खरा असतो तेव्हा कसा असतो, ते तिला आत्ता कळत होतं.

एके दिवशी सकाळी जनकाबाई पुन्हा भिंतीपाशी आली.

"खुंट्या," ती म्हणाली, "इचार तुह्या मालकिणीला, काहून जेवत न्हाई?"

शालूबाईनं हातातला तांब्या खाली ठेवला. "खुंट्याला कान असतात व्हय? मला इचार की."

"आक्का..." जनकाबाई म्हणाली. मग तिनं तोंड पुन्हा खुंट्याकडं फिरवलं. "हे खुंट्यालाच सांगते. कोमलच्या लग्नात घर धुऊन निघालं व्हतं. सोमूच्या लग्नाला नवी साडी घ्यायची ऐपत नव्हती. घडी न मोडलेली येकच साडी घरात व्हती, आक्कानं दिलेली. सणालाबी नेसले न्हाई मी ती, लई आवडायची म्हणून जपून ठेवली व्हती. हलकी काहून द्यावी, म्हणून तीच दिली."

शालूबाईनं त्या दिवशी पिवळं बोट तेवढं पाहिलं होतं. घडी जशीच्या तशी आहे, हे पाहिलंच नव्हतं. तिचे डोळे भरून आले. आणि रडू आलं की तिला आधी राग येतो.

"मग हे इतक्या दिवसांत सुंदरीला सांगाया काय झालं व्हतं?"

"शेळीसमोर रडाया लाज वाटली, आक्का."

मग दोघी भिंतीच्या दोन बाजूंनी रडल्या आणि हसल्याही. आम्ही गल्लीतले लोक आपापल्या दारात काहीतरी झाडत उभे होतो.

सोमेश्वर आता दुकानात येईल त्याला सांगतो, ओझं उतरवलं की मन कसं हलकं होतं, आमच्या आईलाच बघा. त्याला कुणी काही सांगितलेलं नाही. सांगून उपयोगही नाही.

दुसऱ्या दिवशी शालूबाई मोरपंखी साडी नेसून भांडी घासायला बसली.

"आक्का," भिंतीवरून जनकाबाई म्हणाली, "भांडी घासाया येवढी भारी साडी? कुनी दिली?"

शालूबाईनं मान वर करून तिच्याकडं पाहिलं.

"माह्या जावेनं," ती म्हणाली.